आचार्य वसुबंधू : भासमान जग आणि खरे दुःख

आपण ज्याला जग म्हणतो, म्हणजे हे डोंगर, या नद्या, ही घरेदारे, इतकेच काय पण आपला हा देहसुद्धा, हे सारे एखाद्या प्रचंड कॉम्प्युटरने उभे केलेले चित्र असेल तर? ही कल्पना अलीकडे शिकलेल्या मंडळींत पुष्कळ बोलली जाते. अशा चित्राला सिम्युलेशन म्हणतात. ही कोणा रिकामटेकड्या माणसाची लहर आहे असे समजू नये. १९४१ साली झेड-३ हा कॉम्प्युटर बांधणारे जर्मन अभियंते कोनराड झूस यांनी १९६९ साली एक पुस्तिका प्रसिद्ध करून सारे विश्व हेच एक हिशेब करणारे यंत्र असावे, असा विचार मांडला. पुढे २००३ साली ऑक्सफर्डमधील तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी त्याला युक्तिवादाचे रूप दिले. त्यांचे म्हणणे असे की, तीनपैकी एक गोष्ट खरी असली पाहिजे. एक तर, अशी चित्रे उभी करण्याचे सामर्थ्य येण्यापूर्वीच जवळजवळ सारे प्रगत समाज नष्ट होत असले पाहिजेत. किंवा, सामर्थ्य येऊनही आपल्या पूर्वजांच्या जीवनाची चित्रे उभी करण्यात त्यांना रस नसला पाहिजे. आणि ही दोन्ही खरी नसतील, तर आपण स्वतःच अशा एखाद्या चित्रात राहत आहोत हे जवळजवळ निश्चित. यांपैकी तिसरीच गोष्ट खरी आहे असे बॉस्ट्रॉम यांनी म्हटलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

या कल्पनेचा खरेखोटेपणा ठरविणे हे या लेखाचे काम नाही. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. जग जर देखावा असेल, तर त्यातले दुःखही देखावाच समजावयाचे काय? आणि दुःखच खोटे, तर ते देणाऱ्याचा अपराध कसला, आणि ते दूर करणारा धम्म तरी कशासाठी? या देशात जग मिथ्या आहे असे सांगणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. त्यांच्यातले पुष्कळजण गावकुसाबाहेरच्या माणसाची सावली मात्र मिथ्या मानीत नव्हते. म्हणून हा प्रश्न पुस्तकी म्हणून बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एका बौद्ध आचार्याने याच प्रश्नाचा मुळापासून विचार केला होता. त्यांचे नाव आचार्य वसुबंधू. त्यांचे चरित्र आपण थोडक्यात पाहू या.

जन्म आणि प्रव्रज्या

वसुबंधूंचा जन्म गांधार देशातील पुरुषपूर येथे झाला. पुरुषपूर म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पेशावर शहर. कनिष्क राजाच्या काळापासून हे नगर बौद्धांचे मोठे केंद्र होते. वसुबंधूंच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही; साधारणपणे इसवी सनाचे चौथे ते पाचवे शतक हा त्यांचा काळ मानला जातो. फ्राउवाल्नर या ऑस्ट्रियन पंडितांनी १९५१ साली तर या नावाचे दोन आचार्य होऊन गेले, असे मत मांडले होते. पण पुढच्या अनेक अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही.

त्यांचे सर्वांत जुने चरित्र चिनी भाषेत आहे. ते आपल्याला परमार्थ या भिक्खूंकडून मिळाले. परमार्थ हे मूळचे उज्जैनचे. त्यांचा काळ ४९९ ते ५६९. ते समुद्रमार्गाने ५४६ साली चीनमध्ये पोहोचले आणि हयातभर तेथे ग्रंथांची भाषांतरे करीत राहिले. त्यांच्या चरित्रग्रंथात इतिहास आणि आख्यायिका एकमेकांत मिसळल्या आहेत. तेव्हा पुढे जे सांगितले आहे त्यातला बराच भाग परंपरेने आलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परमार्थांच्या सांगण्याप्रमाणे वसुबंधूंचे वडील कौशिक गोत्री ब्राह्मण होते. त्यांना तीन मुलगे. थोरले असंग, मधले वसुबंधू आणि धाकटे विरिंचिवत्स. तिन्ही भाऊ संघात गेले आणि सर्वास्तिवाद नावाच्या संप्रदायात त्यांनी प्रव्रज्या घेतली. ज्या घरात यज्ञ आणि वेद यांचा वारसा जन्मानेच हाती येत होता, त्या घरातले तिन्ही मुलगे तो वारसा उंबरठ्याच्या आत ठेवून बाहेर पडले.

कोशकार वसुबंधू

सर्वास्तिवाद्यांचे मोठे पीठ काश्मीरमध्ये होते. 'महाविभाषा' हा त्यांचा अवाढव्य ग्रंथ. मन, देह, कर्म, जग यांची लहानात लहान घटकांपर्यंत फोड करून मांडणी करणारे हे शास्त्र. वसुबंधूंनी त्यात प्रावीण्य मिळविले. परमार्थ सांगतात की, ते दिवसभर या शास्त्रावर प्रवचन देत आणि दिवसाच्या अखेरीस त्या दिवसाच्या विषयाचे सार एका श्लोकात बांधीत. तो श्लोक ताम्रपटावर कोरून हत्तीच्या मस्तकावर बांधला जाई आणि नगारा वाजवून लोकांना आव्हान दिले जाई की, ज्याला हे खोडून काढता येईल त्याने पुढे यावे. असे करता करता सहाशेंवर श्लोक झाले. तोच 'अभिधर्मकोश'.

हे श्लोक काश्मीरच्या आचार्यांकडे गेले तेव्हा त्यांना अत्यानंद झाला. आपल्या मताचा असा सुबक ग्रंथ कोणी केला नव्हता. त्यांनी वसुबंधूंना गद्यात भाष्य लिहिण्याची विनंती केली. भाष्य लिहून आले आणि त्यांचा आनंद मावळला. कारण जेथे जेथे सर्वास्तिवादाचे मत बुद्धीला पटले नाही, तेथे तेथे वसुबंधूंनी ते खोडून काढले होते. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील वस्तू सारख्याच अस्तित्वात असतात, हा तर त्या संप्रदायाचा प्राण. संप्रदायाचे नावच त्यावरून पडले. वसुबंधूंनी त्यावरच घाव घातला. ज्या पंथाचा ग्रंथ लिहावयाचा, त्याच पंथाच्या चुका त्यात नोंदवावयाच्या, हे धैर्य फार थोड्यांजवळ असते.

काश्मीरचे संघभद्र नावाचे आचार्य चिडले. त्यांनी 'न्यायानुसार' नावाचा मोठा ग्रंथ लिहून वसुबंधूंना उत्तर दिले आणि समोरासमोर वादाला बोलाविले. परमार्थांच्या म्हणण्याप्रमाणे वसुबंधूंनी आपल्या वृद्धत्वाचे कारण देऊन नकार दिला. दोघांचे ग्रंथ लोकांपुढे आहेत, शहाण्यांनी वाचून ठरवावे, असा त्यांचा भाव होता.

या कोशातल्या दोन गोष्टी आपल्या आजच्या विषयाशी जोडलेल्या आहेत. पहिली गोष्ट, जगाचा कोणी एक निर्माता ईश्वर आहे या मताचे खंडन. वसुबंधू विचारतात की, जगाचे कारण एकच असेल तर सर्व वस्तू एकदमच का उत्पन्न होत नाहीत? एकामागून एक क्रमाने का होतात? हा क्रम ईश्वराच्या इच्छेने लागतो म्हणावे, तर इच्छा अनेक झाल्या. मग कारण एकच कसे राहिले? आणि त्याने हे जग स्वतःच्या आनंदासाठी निर्माण केले म्हणावे, तर नरकात होरपळणारे जीव निर्माण करून ज्याला आनंद होतो अशा ईश्वराची थोरवी ती काय? दुसरी गोष्ट, आत्म्याचे खंडन. देह आणि मनाच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रवाहापलीकडे कायमचा असा आत्मा सापडत नाही, हे त्यांनी कोशाच्या शेवटच्या प्रकरणात सविस्तर दाखविले आहे.

वाचकहो, आता कॉम्प्युटरच्या कल्पनेकडे परत पाहा. जग हे सिम्युलेशन आहे असे म्हटले की, ते चालविणारा कोणीतरी बाहेर बसलेला आहे हेही आलेच. तो आपल्याला दिसत नाही, त्याचा हेतू कळत नाही, पण त्याच्या मर्जीवर आपले जग चालते. नाव बदलले, वेष बदलला, पण हा जुना जगन्निर्माताच नव्हे काय? वसुबंधूंचे प्रश्न त्यालाही लागू पडतात. ज्याने हे चित्र उभे केले त्याने त्यात उपासमार आणि छळ कशासाठी घातला, हा प्रश्न यंत्राआड लपल्याने सुटत नाही.

दुसरे परिवर्तन

वसुबंधूंचे वडीलबंधू असंग हे महायानातील योगाचार मताचे मोठे आचार्य झाले होते. वसुबंधूंना मात्र महायान मान्य नव्हते आणि त्यावर त्यांनी कडक टीकाही केली होती. एवढा बुद्धिमान भाऊ आपल्या तीक्ष्ण बुद्धीने महायानाची हानी करील, अशी भीती असंगांना वाटली. परमार्थ सांगतात की, असंगांनी आपण आजारी असल्याचा निरोप धाडला. वसुबंधू तातडीने पुरुषपुरास आले आणि कोणते दुखणे म्हणून विचारू लागले. हे दुखणे तुझ्यामुळेच लागले आहे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. मग असंगांनी त्यांना महायानाचा सिद्धांत समजावून दिला. वसुबंधूंना तो पटला.

पटल्यावर त्यांना आपल्या पूर्वीच्या टीकेचा इतका पश्चात्ताप झाला की, ज्या जिभेने ती केली ती जीभच कापून टाकण्यास ते निघाले. असंगांनी त्यांना थांबविले. हजार जिभा कापल्या तरी झालेले भरून येणार नाही. त्याच जिभेने आता हा मार्ग लोकांना समजावून सांग, असा त्यांच्या उपदेशाचा सारांश होता. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग यांनी हीच हकीकत थोड्या वेगळ्या तपशिलाने दिली आहे. त्यांच्या वृत्तांतात ती अयोध्येत घडते आणि असंगांच्या एका शिष्याचे रात्रीचे सूत्रपठण ऐकून वसुबंधूंचे मन पालटते. तपशील कोणताही घ्या. आपल्याजवळ जे मत आहे ते चुकीचे ठरले तर कीर्तीची पर्वा न करता ते सोडावयाचे, आणि सोडल्यावर प्रायश्चित्तात न अडकता कामाला लागावयाचे, हा या कथेचा गाभा आहे. धर्मांतराचा खरा अर्थ येथे सापडतो.

वसुबंधूंचा बराच काळ अयोध्येत गेला. त्यांचे गुरू बुद्धमित्र एकदा विंध्यवासी नावाच्या सांख्य पंडिताकडून वादात हरले. वसुबंधू तेव्हा परगावी होते. परत येऊन पाहतात तो विंध्यवासी मरण पावलेले. मग त्यांनी सांख्य मताचे खंडन करणारा ग्रंथच लिहिला. राजाने प्रसन्न होऊन त्यांना तीन लाख सुवर्णमुद्रा दिल्याचे परमार्थ सांगतात. त्या धनातून वसुबंधूंनी तीन विहार बांधले. एक सर्वास्तिवादी भिक्खूंसाठी, एक महायानी भिक्खूंसाठी आणि एक भिक्खुणींसाठी. ज्या पंथाशी मतभेद झाले त्यालाही विहार मिळाला आणि स्त्रियांनाही मिळाला, हे विसरू नये.

वीस श्लोकांचा लहानसा ग्रंथ

आता आपण ज्या ग्रंथासाठी हे चरित्र हाती घेतले तो ग्रंथ पाहू. त्याचे नाव 'विंशतिका', म्हणजे वीस श्लोकांचा ग्रंथ. प्रत्यक्षात बावीस श्लोक आहेत आणि त्यावर वसुबंधूंनी स्वतःच छोटी टीका लिहिली आहे. तिच्या आरंभीच सांगितले आहे की, आपल्याला जे काही जाणवते ते विज्ञप्तिमात्र आहे. विज्ञप्ती म्हणजे मनाला होणारी जाणीव. डोळ्यांत दोष असलेल्या माणसाला नसलेले केस हवेत तरंगताना दिसतात, तसे आपल्याला बाहेरच्या वस्तू दिसतात, असा त्यांचा दृष्टांत आहे.

यावर विरोधक काय म्हणेल ते वसुबंधूंनी स्वतःच मांडले. त्याचे चार आक्षेप आहेत. बाहेर वस्तू नसेल, तर ती ठराविक ठिकाणीच का दिसते? ठराविक वेळीच का दिसते? एकालाच न दिसता तेथे असलेल्या सर्वांना सारखी का दिसते? आणि भासातल्या अन्नाने पोट भरत नाही, मग या जगातल्या वस्तूंचा उपयोग कसा होतो?

हे चारही आक्षेप आजही कोणी कॉम्प्युटरवाल्यांपुढे मांडू शकेल. वसुबंधूंची उत्तरे अशी. स्वप्नातसुद्धा बाग किंवा गाव ठराविक ठिकाणी व ठराविक वेळीच दिसते. स्वप्नातल्या गोष्टीचा झोपलेल्याच्या देहावर खरा परिणाम होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. राहिला प्रश्न अनेकांना एकच गोष्ट दिसण्याचा. त्यासाठी ते त्या काळी सर्वांना ठाऊक असलेल्या नरकाचा दाखला देतात. नरकात पडलेले सारे जीव तेथील राखणदारांना, म्हणजे निरयपालांना, एकाच वेळी एकाच जागी पाहतात आणि त्यांच्याकडून छळ सोसतात. पण ते राखणदार खरे जीव असतील काय? खरे असते तर त्यांनाही ती तापलेली लोखंडी भूमी भाजली असती. ज्याला आग भाजत नाही तो दुसऱ्याला तेथे छळीत कसा उभा राहील? तेव्हा ते राखणदार खरे जीव नव्हेत. सारख्याच कर्मांमुळे सर्वांच्या मनांत एकसारखा उठलेला तो भास होय.

येथे थोडे थांबून विचार करा. वसुबंधूंनी खरा जीव ओळखण्याची खूण कोणती सांगितली? तो दिसतो की नाही, हलतो की नाही, बोलतो की नाही, ही खूण नव्हे. त्याला दुःख होते की नाही, ही खूण. मी शाळेत शिकवितो. आमची मुले मोबाईलवर खेळ खेळतात. त्यात यंत्राने काढलेले शेकडो शिपाई पडतात आणि कोणाला वाईट वाटत नाही, कारण तेथे दुःख भोगणारा कोणी नाही. पण त्याच खेळात दुसऱ्या गावाहून खेळणाऱ्या मुलाला कोणी त्याच्या जातीवरून शिवी दिली, तर तो मुलगा फोन बाजूला ठेवून गप्प बसतो. मैदान खोटे, बंदूक खोटी, शिपाई खोटे. शिवी मात्र खरी लागली.

यानंतर वसुबंधू अणूच्या कल्पनेकडे वळतात. बाहेरची वस्तू अणूंची बनलेली आहे असे म्हणणाऱ्यांना ते विचारतात की, एका अणूला सहा बाजूंनी सहा अणू चिकटले तर त्या अणूला सहा भाग झाले. मग तो अविभाज्य कसा? आणि सहाही अणू एकाच जागी असतील, तर साऱ्यांचा मिळून पिंड एकाच अणूएवढा होईल. मग एवढा डोंगर दिसावा कसा? आजच्या विज्ञानातला अणू निराळा आहे, हे खरे. पण अनुभवाला येणाऱ्या वस्तूमागे ठोस काय आहे, हे शोधू लागले की ती हातून निसटते, हे त्यांनी तर्काने दाखविले.

दुसऱ्याचे मन

मग काहीच नाही काय? वसुबंधूंनी याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. सर्वथा काहीच नाही असे त्यांचे म्हणणे नाही. पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू अशी जी विभागणी आपण कल्पनेने करतो, ती तशी नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे आहे. बाहेरच्या वस्तू मुळीच नाहीत असे ते म्हणतात, की त्या आपल्याला जाणिवेपलीकडे जाऊन कळू शकत नाहीत असे म्हणतात, यावर आजच्या पंडितांत वाद आहे. पण एका बाबतीत त्यांचे म्हणणे स्वच्छ आहे. मनांचे प्रवाह अनेक आहेत आणि ते एकमेकांवर परिणाम करतात.

विरोधक विचारतो, सारे स्वप्नासारखे असेल, तर स्वप्नात केलेल्या खुनाला आणि जागेपणी केलेल्या खुनाला फळ सारखेच का नाही? वसुबंधूंचे उत्तर असे की, स्वप्नात मन झोपेने झाकोळलेले असते, म्हणून फळात फरक पडतो. विरोधक पुन्हा विचारतो, देहच नसेल तर मेंढ्या मारणाऱ्याला हत्येचे पाप कसे लागेल? वसुबंधू सांगतात की, एकाच्या मनाचा आघात दुसऱ्याच्या जीवनप्रवाहाला तोडू शकतो. त्यालाच आपण मारणे म्हणतो. आधारासाठी ते तथागत आणि उपाली गृहपती यांच्या संवादाचा निर्देश करतात. त्या संवादात काया, वाचा आणि मन यांपैकी मनाचे कर्म सर्वांत भारी ठरविले आहे.

तेव्हा जग देखावा ठरला म्हणून मारणारा सुटत नाही. उलट त्याचा अपराध अधिक स्पष्ट होतो, कारण आता हत्याराकडे किंवा नशिबाकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाही. याच ठिकाणी वसुबंधूंचा मार्ग जग मिथ्या म्हणणाऱ्या वेदान्तापासून अलग होतो. तेथे भासामागे एक ब्रह्म आहे आणि तेवढेच सत्य आहे. वसुबंधूंकडे ब्रह्म नाही, आत्मा नाही, ईश्वर नाही. आहेत ती दुःख भोगणारी आणि दुःख देऊ शकणारी अनेक मने. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात विज्ञानवाद्यांचे खंडन केले, हे प्रसिद्धच आहे.

सर्वांनी मिळून पाहिलेला भास

वसुबंधूंचे चार आक्षेप आणि त्यांची उत्तरे वाचताना महाडच्या चवदार तळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. विटाळ नावाची वस्तू कोणी कधी पाण्यात पाहिली आहे काय? पाण्याचा रंग बदलला नाही, चव बदलली नाही. तरी तो विटाळ ठराविक ठिकाणी होता. या तळ्यात होता, पावसाच्या पाण्यात नव्हता. तो ठराविक वेळी येत असे; गुरे पाणी प्याली तर येत नसे, माणूस ओंजळ भरू लागला की येत असे. तो एकाला दिसत नव्हता, साऱ्या गावाला दिसत होता. आणि त्याचा परिणाम खरा होता. पिढ्यान्पिढ्या माणसे पाण्यावाचून तळमळली. चारही लक्षणे जुळतात, आणि तरीही तो होता निव्वळ भासच.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले. भासावर भासाचाच उपाय! पुढे कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सर्वांनी मिळून पाहिलेला भास एकट्याने डोळे उघडल्याने जात नाही; तो सर्वांच्या देखत मोडावा लागतो, हे महाडने शिकविले.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. अनेकांना एकच भास का होतो, याचे वसुबंधूंचे उत्तर कर्माचे आहे. मनाच्या खोल कोठारात, ज्याला ते आलयविज्ञान म्हणतात, पूर्वीच्या कृत्यांची बीजे साठतात आणि ती जन्मोजन्मी पुढे जातात, असे त्यांचे मत होते. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, गतजन्मीच्या कर्माचा असा वारसा मानला नाही. गरिबी आणि नीच मानलेला जन्म हे मागच्या पापाचे फळ आहे असे सांगून अन्याय करणारे मोकळे होतात, हे त्यांनी ओळखले होते. आपण वसुबंधूंपासून घ्यावयाचे ते त्यांचे प्रश्न विचारण्याचे शास्त्र. बीजे म्हणाल तर ती याच जन्मात घरात, शाळेत, पंगतीत आणि पाणवठ्यावर लहान मुलांच्या मनात पेरली जातात. जेथे पेरणारा दिसतो, तेथे पेरणी थांबविताही येते.

अखेर आणि वारसा

परमार्थांच्या म्हणण्याप्रमाणे वसुबंधू वयाच्या ऐंशीव्या वर्षी अयोध्येत निवर्तले. त्यांचे ग्रंथ मात्र लांबवर गेले. ह्युएन त्संग यांनी भारतातून परत गेल्यावर 'अभिधर्मकोश' आणि ६६१ साली 'विंशतिका' चिनी भाषेत नेली. जपानातील नारा येथील कोफुकुजी मंदिरात उन्केई या शिल्पकाराने १२१२ च्या सुमारास घडविलेल्या असंग आणि वसुबंधू या दोघा भावांच्या लाकडी मूर्ती आजही उभ्या आहेत.

भारतात मात्र बौद्ध विहार उजाड झाले आणि त्यांचे मूळ संस्कृत ग्रंथही दृष्टीआड झाले. 'विंशतिके'ची संस्कृत प्रत सिल्व्हाँ लेवी या फ्रेंच पंडितांना नेपाळात मिळाली आणि १९२५ साली ती पॅरिसला छापली गेली. कोशाच्या भाष्याची ताडपत्रे राहुल सांकृत्यायन यांनी १९३० नंतरच्या दशकात तिबेटमध्ये शोधून काढली. प्रल्हाद प्रधान यांनी संपादित केलेला तो ग्रंथ १९६७ साली पाटण्याहून प्रसिद्ध झाला. या भूमीतल्या विचारवंताचे मूळ शब्द या भूमीला परत मिळण्यास इतका काळ लागावा, यावरून बौद्ध वाङ्मयाचे काय झाले याची कल्पना येईल.

'विंशतिके'चा शेवट साधा आहे. हा विषय आपल्या शक्तीप्रमाणे मांडला. तो सर्वांगांनी जाणणे हे बुद्धांनाच शक्य, असे सांगून वसुबंधू थांबतात. आयुष्यभर वाद जिंकलेल्या माणसाने शेवटी आपल्या ज्ञानाची मर्यादा लिहून ठेवली.

तेव्हा वाचकहो, उद्या कोणी तुम्हाला सांगितले की हे जग कॉम्प्युटरमधले चित्र आहे, तर त्याच्याशी भांडू नका आणि घाबरूही नका. त्याला एवढेच विचारा की, या चित्रात शेजारच्या माणसाला लागलेले खरोखर दुखते की नाही? तो होय म्हणाला, तर आपले काम पूर्वी होते तेच आजही आहे. भगवान बुद्धांनी दुःखापासून आरंभ केला. जग कशाचे बनले आहे हे ठरण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि आपणही पाहण्याचे कारण नाही.